पंखातल्या सात बरगड्या

पत्र: मी नऊ वर्षांची आणि दादा चौदाचा असताना बाबांनी प्रवासाहून येताना लाकडी विमानाचं किट आणलं होतं. ते आम्ही दोघांनी सुट्टीत बनवलं. लाकडाच्या पातळ फळ्यांवर निळ्या रेषा छापलेल्या होत्या. त्या रेषांवरून ब्लेडनं तुकडे कापायचं काम माझं, आणि प्लॅनवर टाचण्या लावून ते चिकटवायचं काम दादाचं. पंखातल्या आडव्या तुकड्यांना तो बरगड्या म्हणायचा. एक बरगडी माझ्या हातून मोडली, तर त्यानं दुसऱ्याच कुठल्यातरी लाकडाची कापून बसवली आणि बाबांना कळू दिलं नाही. सांगाड्यावर पातळ कागद लावून पाण्याचा फवारा मारला होता, सकाळी कागद ढोलकीसारखा ताणला गेला होता. पिवळे पंख, लाल नाक, लाल प्लॅस्टिकचा प्रोपेलर, पोटात रबर. पुढे ते झाडात अडकलं आणि पावसात गेलं. नाव आठवत नाही, कंपनी आठवत नाही, खोका निळा होता असं वाटतं. चार महिन्यांनी दादाला सत्तर पूर्ण होतील. त्याला न सांगता तेच किट शोधून द्यायचं आहे. एक खोका ऑनलाइन मागवला, तर आत विमानाच्या आकाराचा लाकडी ठोकळा निघाला. दादाचे हात आता थोडे थरथरतात. मुलं म्हणतात, कुठलंही विमान दे, मामाला काय कळणार आहे! फोटोची प्रत सोबत आहे. फोटोतली खुर्ची अजून माझ्याकडे आहे. तेच किट मिळेल का?
— धाकटी बहीण

ताई,

मुलांचं ऐकू नका. त्याला कळेल. ज्यानं एका विमानाचा सांगाडा तुकडा तुकडा जोडून उभा केलाय, त्याच्या हातात दुसरं विमान दिलंत तर तो आनंदानं घेईल, तुमचं मन राखेल, पण हे ते नाही हे त्याला पहिल्या नजरेत कळलेलं असेल.

तुमचा फोटो मी भिंग लावून बराच वेळ पाहिला. दादानं विमान उजेडाकडे धरलंय, त्यामुळे कागदातून आतलं लाकूड दिसतं. डाव्या पंखात सात बरगड्या मोजता येतात. पंख विमानाच्या पाठीवर आहे, म्हणजे हे 'हाय विंग'. पंखाची टोकं गोल आहेत आणि शेपटीचा उभा भाग मागे झुकलेला आहे. आणि ताई, खांद्याकडून तिसरी बरगडी बाकीच्यांपेक्षा गडद दिसते. तीच ती.

आता हे सगळं एका कागदावर उतरवून ठेवा, कारण खोक्याच्या रंगापेक्षा आणि नावापेक्षा हा सांगाडा जास्त खात्रीचा आहे. खोक्याच्या रंगावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. माझ्याच एका किटचा खोका हिरवा होता असं मी कित्येक वर्षं शपथेवर सांगत असे. प्रत्यक्षात सापडला तो पिवळा होता, आणि हिरवं होतं ते चित्रातलं गवत. शिवाय एकच किट वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या झाकणात विकलं जायचं. बरगड्या मात्र बदलत नाहीत. बरगड्यांची संख्या, पंखाच्या टोकाचा आकार, खिडक्यांची मांडणी हा त्या विमानाचा अंगठ्याचा ठसा समजा.

दुसरी गोष्ट, माप. खुर्ची जपून ठेवलीत हे फार बरं झालं. तिच्या पाठीची रुंदी टेपनं मोजा, मग फोटोत तीच रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, आणि पंखाची लांबीही. समजा खुर्चीची पाठ खरी 42 सेंटिमीटर निघाली आणि फोटोत 28 मिलिमीटर, तर फोटोतला एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात दीड सेंटिमीटर. पंख फोटोत 34 मिलिमीटर भरला तर 51 सेंटिमीटर झाले. त्यातून थोडं वजा करा, कारण दादा खुर्चीच्या पुढे उभा आहे आणि कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी दिसते. म्हणजे साधारण 46 ते 50 सेंटिमीटर. ही किटं बहुतेक इंचांच्या हिशेबात असायची, आणि 46 सेंटिमीटर म्हणजे 18 इंच, हे पीळ दिलेल्या रबरावर उडणाऱ्या लहान विमानांचं अगदी नेहमीचं माप. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, तुमचे तुम्ही काढा. पण काढाच. लहानपणीचं 'केवढं मोठं' हे माप शोधायच्या कामाचं नसतं.

तुमच्या पत्रातल्या बाकीच्या खुणांवरूनही बरंच कळतं. सांगाड्यावर कागद ताणून बनवायच्या प्रकाराला 'स्टिक अँड टिश्यू' म्हणतात. तुम्हाला आला तो ठोकळा हा 'सॉलिड' प्रकार: लाकूड तासून, पॉलिश पेपरनं घासून, रंगवून शोकेसमध्ये ठेवायचं विमान. अमेरिकेतल्या स्ट्रॉमबेकर कंपनीचं नाव अशाच अर्धवट घडवून दिलेल्या लाकडी किटांमुळे झालं. 1942 मध्ये तर अमेरिकी नौदलानं शत्रूची आणि आपली विमानं ओळखण्याच्या सरावासाठी शाळकरी मुलांकडून 1:72 प्रमाणातली लाकडी विमानं करून घ्यायची मोहीम काढली होती, उद्दिष्ट होतं पाच लाखांचं. ती परंपरा मोठी आहे, पण तुमची नाही. नुसतं 'जुनं लाकडी विमान किट' असं शोधलंत की दोन्ही प्रकार एकत्र समोर येतात, म्हणून तुमची फसगत झाली. यापुढे शोधताना बाल्सा, रबर पॉवर्ड, स्टिक अँड टिश्यू, हाय विंग हे शब्द इंग्रजीत टाका आणि सोबत पंखाची लांबी इंचांत लिहा.

लाकूड नखानं दाबलं तर खूण उमटायची का, हे आठवून पाहा. सहज उमटत असेल तर तो बहुधा बाल्साच. हे झाड मुख्यतः इक्वेडोरमधून येतं, झपाट्यानं वाढतं आणि त्याचं लाकूड कमालीचं हलकं असतं. दुसऱ्या महायुद्धात तेच लाकूड तराफ्यांना आणि 'मॉस्किटो' विमानाच्या धडाला लागायचं. त्यामुळे त्या वर्षांतल्या बऱ्याच किटांत पाइन, बासवुड किंवा पुठ्ठा भरलेला असे. विक्रेते अशा युद्धकाळातल्या किटांना दुर्मीळ म्हणून भाव लावतात. तुम्हाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

निळ्या छापील रेषांबद्दल. जुन्या किटांत फळीवर तुकड्यांचे आकार नुसते छापलेले असत आणि कापायचं काम घेणाऱ्याचं. युद्धानंतर साच्यानं दाबून तुकडे आधीच कापून द्यायची 'डाय-कट' पद्धत रुळत गेली. तरी छापील फळ्यांची किटंही पुढे बरीच वर्षं चालू होती. लेझरनं कापलेली किटं आली ती बऱ्याच नंतर, आणि त्यांची कड करपल्यासारखी तपकिरी असते, ती फोटोतही ओळखू येते. विक्रेत्यानं दाखवलेल्या फळीची कड तपकिरी असेल तर ते तुमच्या काळातलं नाही. डाय-कट असेल तर लगेच नाही म्हणू नका, एकच विमान आधी छापील आणि मग डाय-कट असं दोन्ही प्रकारे निघालेलं असू शकतं.

दादाचं वय धरून तुमचं विमान 1970च्या आसपासचं ठरतं. त्या काळी घरोघर पोचलेली नावं म्हणजे अमेरिकेतली गिलोज, ही 1926 पासूनची, आणि शिकागोची कॉमेट, 1929 पासूनची, ब्रिटनमधली कील क्राफ्ट आणि वेरॉन, जर्मनीतली ग्राउपनर. यांतल्या एकीचं नाव मी तुम्हाला छातीठोकपणे सांगणार नाही, फोटोवरून तेवढं ठरत नाही. पण समोर आलेला खोका कोणत्या काळातला हे मात्र त्याच्या कडेवरचा बारीक मजकूर सांगतो. अमेरिकी पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर खोका 1963 नंतरचा. शहराच्या नावापुढे एक किंवा दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर साधारण 1943 ते 1963 मधला. ब्रिटिश खोक्यावर शिलिंग आणि पेन्समध्ये छापील किंमत असेल तर तो 15 फेब्रुवारी 1971 च्या आधी छापलेला, कारण त्या दिवशी तिकडचं चलन दशमान झालं. बारकोड दिसला तर पुढे पाहूच नका. दुकानात माल वर्षानुवर्षं पडून राहायचा हे लक्षात ठेवा: बाबांनी 1970 ला घेतलेला खोका 1962 चाही असू शकतो. उलटं मात्र होऊ शकत नाही.

आता मुख्य प्रश्न, मिळेल का? खोका मिळेलच असं वचन देणार नाही. विमान मात्र मिळेल, असं मला मनापासून वाटतं. किट म्हणजे काय होतं? एक प्लॅन, थोडं लाकूड, कागद, रबर, प्रोपेलर. लाकूड आजही मिळतं, कागद मिळतो, रबर तर नवंच घ्यावं लागतं, कारण जुनं रबर हातात तुटतं. मूळचा, दुसरा न चालणारा असा एकच कागद त्यात असतो, तो म्हणजे प्लॅन. आणि जुने प्लॅन जगभरातल्या हौशी लोकांनी स्कॅन करून ठेवलेत. 'आउटरझोन' नावाच्या संग्रहात असे हजारो प्लॅन फुकट आहेत, आणि प्रत्येकाच्या नोंदीत पंखाची लांबी, उडवायची पद्धत, वर्ष दिलेलं असतं. तिथे रबरावर उडणारी, केबिन असलेली, 16 ते 20 इंचांची विमानं काढा आणि तुमचा कागद शेजारी ठेवून बसा. नावं वाचू नका. एका बाजूच्या बरगड्या मोजा. सात नसतील तर पुढचा प्लॅन. सात असतील तर टोक बघा, मग शेपूट. रोज संध्याकाळी अर्धा तास दिलात तरी पुष्कळ होतं.

जुन्या मासिकांतल्या जाहिरातीही कामाच्या असतात. अमेरिकेचं 'मॉडेल एअरप्लेन न्यूज' 1929 पासून आणि ब्रिटनचं 'एरोमॉडेलर' 1935 पासून निघत होतं. किट कंपन्या त्यांत पानभर जाहिरात द्यायच्या, वीस-वीस विमानांची छोटी चित्रं आणि खाली लांबी. 1965 ते 1970 चे अंक चाळलेत तर एखादं चित्र समोर येईल आणि तुमचा हात आपोआप थांबेल. त्या थांबण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बरगड्या मोजा.

प्लॅन सापडला की नाव सापडलं, आणि नाव सापडलं की खोका शोधणं सोपं. लिलावाच्या साइटांवर त्या नावाची सूचना लावून ठेवा. नावाचं स्पेलिंग चुकीचं टाकूनही शोधा. विमानं बनवणारा माणूस गेला की घरचे लोक माळा रिकामा करतात. त्यांना नावं ठाऊक नसतात, ते 'बाबांचं विमान' एवढंच लिहून विकायला काढतात. चांगले खोके असेच हाती लागतात.

विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: पूर्ण उघडलेला प्लॅन, प्रत्येक फळी सुटी ठेवून, आणि खोक्याची नंबर छापलेली कड. प्लॅनवर तुकड्यांना नंबर असतात, ते फळ्यांवरच्या नंबरांशी ताडून बघा. 'सीलबंद आहे, उघडता येणार नाही' असं उत्तर आलं तर सोडून द्या. प्लॅस्टिकचं वेष्टन नव्यानंही चढवता येतं. मी एकदा असाच सीलबंद खोका विश्वासानं घेतला होता, आत दोन वेगवेगळ्या विमानांच्या फळ्या होत्या आणि प्लॅन तिसऱ्याच विमानाचा. त्या संध्याकाळी झालेली निराशा मला अजून आठवते, आणि ती तुमच्या वाट्याला येऊ नये असं वाटतं. फळ्यांना बारीक भोकं दिसली तर तो खोका घरात आणू नका, कीड बाकीच्या लाकडालाही लागते.

समजा खरा खोका मिळाला. तरी त्यातलं लाकूड कापू नका असं मी म्हणेन. अर्धशतक जुना बाल्सा ठिसूळ झालेला असतो, पिवळा पडलेला कागद घडीवरच फाटतो. प्लॅन हलक्या हातानं उघडून आधी स्कॅन करा, पाण्यात भिजवून चिकटवायच्या स्टिकरांची पट्टीही भिजवायच्या आधी स्कॅन करा, आणि विमान नव्या लाकडाचं बनवा. तो खोका दादाच्या कपाटात राहू दे.

थरथरत्या हातांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण माझ्या मते सगळ्यात जास्त विचार त्याचाच करायला हवा. 18 इंची विमानातल्या पट्ट्या काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक असतात. तो त्यांच्याशी झगडत बसला तर भेट बाजूला राहील आणि आपल्याला आता हे जमत नाही, एवढंच त्याच्या मनात राहील. म्हणून प्लॅन दीडपट मोठा करून छापून घ्या. 18 इंचांचे 27 होतील, बरगड्या चांगल्या बोटात धरण्याजोग्या होतील. लाकडाची जाडीही त्याच प्रमाणात वाढवा, एक-सोळांश इंचाच्या जागी तीन-बत्तिसांश. चटकन चिकटणारा गोंद टाळा आणि सावकाश सुकणारा पांढरा गोंद वापरा, म्हणजे तुकडा सरकला तरी पुन्हा बसवायला वेळ मिळतो. प्लॅनवर पारदर्शक मेणकागद पसरायला विसरू नका, नाहीतर सांगाडा प्लॅनलाच चिकटतो. पूर्वी कागदावर 'डोप' नावाचं वार्निश लावायचे. त्यातला नायट्रेट डोप झपकन पेट घेतो आणि त्याच्या वासानं डोकं धरतं, बंद खोलीत त्याच्या वाटेला जाऊ नका. पाण्याचा फवारा मारून कागद ताणला गेला की वर पातळ ॲक्रिलिक वार्निशचा एक हात पुरतो. मात्र फवारल्यावर पंख सपाट फळीवर टाचण्यांनी दाबून ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत उचलू नका, कागद आक्रसताना पंखाला पीळ पडतो.

कापायचं काम तुमचंच राहू द्या. प्लॅन वाचणं, तुकडा कुठे बसतो ते सांगणं, घासणं, फवारा मारणं हे दादाचं. टाचण्या मोठ्या डोक्याच्या आणा, त्या त्याला धरता येतील.

आणि आता जे सांगणार आहे ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. त्याला न सांगता हे करू नका. या विमानाबद्दल जगात सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस तो आहे, आणि तुम्ही त्यालाच सोडून सगळीकडे विचारताय. प्लॅन त्यानं कित्येक दिवस समोर ठेवला होता, नाव त्याला आठवत असण्याची शक्यता तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. नाव नसेल आठवत तर कागद कुठे दोन तुकड्यांत जोडला होता, नाकात वजनाला काय भरलं होतं, रबराचे किती पेड होते, हे आठवेल. तुमचा चार महिन्यांचा शोध त्याच्या एका वाक्यानं संपू शकतो. नाही संपला तरी चार महिने तुम्हाला दोघांना बोलायला एक विषय होईल. वाढदिवसाला खोका उघडण्याचा क्षण हुकेल, हे खरं आहे. मी तुमच्या जागी असते तर तो क्षण सोडून दिला असता.

फोन करून विचारू नका. फोटो मोठा छापून घेऊन जा, त्याच्यासमोर ठेवा आणि डाव्या पंखातल्या तिसऱ्या बरगडीवर बोट ठेवा. पुढचं तो बोलेल. ती बरगडी कुठल्या लाकडाची होती हेही विचारून घ्या, मला खरंच जाणून घ्यायचंय.

एक काम माझंही करा. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत पंखाच्या मध्यावर दादाचा अंगठा आलाय आणि सावली गडद उतरलीय. मूळ फोटो भिंगाखाली धरून पाहा, अंगठ्याशेजारी मधोमध बरगडी एक आहे की जवळजवळ दोन. प्लॅन ताडताना तेवढ्यावरून निम्मे बाद होतील. कळवाल तेव्हा मीही इकडे मोजायला बसते.